बोडे आलेखावर ६२ अंश मार्जिन, तरी लूप डोलतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. नियंत्रण लूपचा (माप घेऊन आउटपुट सुधारत राहणाऱ्या यंत्रणेचा) बोडे आलेख, म्हणजे वारंवारतेनुसार गेन (पट) आणि फेज (अंशांतला मागेपुढेपणा) दाखवणारा आलेख काढला, क्रॉसओव्हर (गेन १ होतो ती वारंवारता) शोधला, फेज मार्जिन (तिथे फेज उणे १८० अंशांपासून किती दूर आहे ते) साठ अंशांच्या आसपास आलं, गेन मार्जिनही (फेज उणे १८० होतो तिथे गेन १ च्या किती खाली आहे ते) भरपूर दिसलं. ठरलेला गेन कंट्रोलरमध्ये भरला, लूप ऑटोला टाकला आणि आउटपुट डोलायला लागलं. मग गेन थोडा कमी करून बघ, इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीवर चालणारा भाग) काढून बघ, डेरिव्हेटिव्ह (चूक बदलण्याच्या वेगावर चालणारा भाग) घालून बघ असं सुरू होतं. संध्याकाळपर्यंत आलेखाचा कागद बाजूला पडलेला असतो आणि ‘आलेखाच्या पद्धती परीक्षेपुरत्या, खरं ट्यूनिंग हातानंच करावं लागतं’ असं कुणीतरी म्हणतं.

मला ते पटत नाही. डोलणारा लूप आलेखात नेमकी किती चूक आहे हे अंशांत आणि डेसिबलमध्ये सांगत असतो. ते वाचायचं कसं, हे कळलं की हाताने चाचपडण्याची गरज उरत नाही.

गेनला हात लावण्याआधी कंप मोजा

लूप एका ठराविक वारंवारतेला सतत डोलत राहतो, म्हणजे त्या वारंवारतेला संपूर्ण लूपचा गेन बरोबर १ आणि फेज बरोबर उणे १८० अंश झालेला असतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या निकषाच्या भाषेत सांगायचं तर नायक्विस्ट वक्र (लूपचा गेन आणि फेज एकत्र, एकाच प्रतलावर काढलेला) उणे १ या बिंदूतून जातो आहे. वक्र तिथून जात नसता तर दोलन विरून गेलं असतं किंवा वाढत गेलं असतं.

आता तुमच्या आलेखावर तीच वारंवारता शोधा. तिथे ० डेसिबल (म्हणजे गेन १) आणि उणे १८० अंश दिसायला हवेत. दिसत नाहीत, आणि तिथेच आपलं काम सुरू होतं. आलेख जे दाखवतो आणि यंत्र जे करतं त्यांच्यातली तफावत हीच तुमच्या मॉडेलमधली त्रुटी. तफावत फेजमध्ये असेल तर एक दिशा, गेनमध्ये असेल तर दुसरी.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. एक-दोन कंपांवरून अंदाज बांधू नका. दहा कंपांचा वेळ घ्या आणि दहाने भागा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: कंट्रोलरचं आउटपुट वरच्या-खालच्या मर्यादेला आपटत असेल तर मोजलेली वारंवारता या हिशेबाला चालत नाही, कारण मर्यादेला लागलेला अ‍ॅक्च्युएटर (मोटर, व्हॉल्व्ह असा प्रत्यक्ष हलणारा भाग) लूपचा गेन स्वतःच कमी करून टाकतो. अशा वेळी दोलन जेमतेम टिकून राहील इतका गेन उतरवा, तो गेन लिहून ठेवा आणि आलेखही त्याच गेनने पुन्हा काढा. जुन्या गेनचा आलेख आणि नव्या गेनचं मोजमाप यांची तुलना करण्यात फार लोकांचा वेळ गेलेला आहे.

एक उदाहरण, आकड्यांसकट

मोटरचा पोझिशन लूप घ्या. मॉडेलमध्ये एक इंटिग्रेटर (इनपुट साठवत जाणारा भाग) आहे, ०.०२ सेकंदांचा एक लॅग (बदलाला हळूहळू प्रतिसाद देणारा भाग) आहे आणि कंट्रोलर धरून एकूण गेन ३० आहे. हिशेब केला की क्रॉसओव्हर २६.५ रेडियन प्रति सेकंदाला येतो. तिथे इंटिग्रेटरचे ९० अंश आणि लॅगचे सुमारे २८ अंश, म्हणजे फेज उणे ११८. मार्जिन ६२ अंश. याहून सुरक्षित काय हवं?

प्रत्यक्षात मोटर सेकंदाला साधारण ४.२ वेळा थरथरते आणि थरथर विरायला फार वेळ घेते. ४.२ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ २६.५ रेडियन प्रति सेकंद, अगदी क्रॉसओव्हरवरच. म्हणजे गेनचा आलेख बरोबर आहे. चूक पूर्णपणे फेजमध्ये आहे आणि ती सुमारे ६० अंशांची आहे.

आता ही चूक वेळेत बदला. ६० अंश म्हणजे १.०५ रेडियन, त्याला २६.५ ने भागलं की ०.०४ सेकंद येतात. मॉडेलमध्ये नसलेला ४० मिलिसेकंदांचा उशीर लूपमध्ये कुठेतरी बसलेला आहे. शोध एकदम सोपा होतो, कारण आता ‘काहीतरी बिघडलंय’ असं राहत नाही. ४० मिलिसेकंद शोधायचे आहेत.

ते बहुधा असे सापडतात. कंट्रोलरचा सॅम्पलिंग काळ (दोन मापांमधला वेळ) २० मिलिसेकंद आहे. या फेरीत वाचलेल्या मापावरून काढलेलं आउटपुट पुढच्या फेरीत बाहेर जातं: झाले २० मिलिसेकंद. बाहेर गेलेलं आउटपुट पुढचा नमुना येईपर्यंत तसंच धरून ठेवलं जातं. या धरून ठेवण्याचा परिणाम सरासरी अर्ध्या सॅम्पलचा उशीर, म्हणजे १०. शिवाय सेन्सरचं माप गुळगुळीत दिसावं म्हणून कुणीतरी दोन नमुन्यांची सरासरी लावलेली असते. तिचाही अर्धा सॅम्पल, आणखी १०. बेरीज ४०. यातला कुठलाही भाग बिघडलेला नाही. फक्त यांपैकी एकही आलेखावर आला नव्हता.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच, आणि त्याचं कारण आलेखाच्या स्वरूपातच आहे. शुद्ध उशिराचा गेन सर्व वारंवारतांना १ असतो. डेसिबलच्या वक्रावर त्याची खूणही उमटत नाही. फेजमध्ये मात्र तो वारंवारतेच्या प्रमाणात अंश खात जातो: वारंवारता दुप्पट, नुकसान दुप्पट. गेनच्या वक्राचा उतार पाहून फेजचा अंदाज करण्याची सवय (उणे २० डेसिबल प्रति दशक उतार, म्हणजे वारंवारता दहापट होताना २० डेसिबलची घट, म्हणजे उणे ९० अंश) ज्यांना लागली आहे त्यांना तर हा उशीर हमखास चकवतो. हेन्ड्रिक बोडे यांनी दाखवलेलं गेन-फेजचं हे नातं फक्त मिनिमम फेज सिस्टिमला (गेनच्या वक्राला लागतो तितकाच कमीत कमी फेज खाणाऱ्या सिस्टिमला) लागू पडतं, आणि उशीर आला की सिस्टिम मिनिमम फेज राहत नाही.

मग दुरुस्ती काय

दोनच रस्ते खात्रीचे आहेत. उशीर कमी करा किंवा क्रॉसओव्हर डावीकडे आणा.

वरच्याच उदाहरणात सॅम्पलिंग २० ऐवजी ५ मिलिसेकंदांवर आणलं तर एकूण उशीर १० मिलिसेकंद उरतो. २६.५ रेडियन प्रति सेकंदाला त्याचं नुकसान १५ अंश, म्हणजे मार्जिन ४७ अंश राहतं आणि वेगही जात नाही. हे शक्य नसेल तर गेन ३० वरून १२.३ वर उतरवा, म्हणजे सुमारे ७.७ डेसिबल खाली. क्रॉसओव्हर १२ रेडियन प्रति सेकंदाला येतो. तिथे लॅगचे १३.५ आणि उशिराचे २७.५ अंश वजा जाऊन मार्जिन ४९ अंश राहतं. लूप निम्म्याहून हळू झाला, ही त्याची किंमत आहे. ती कुणाला परवडते, कुणाला नाही. पण निर्णय आकडे समोर ठेवून होतो.

लीड कॉम्पेन्सेटर (फेज वर उचलणारा भाग) लावण्याचा मोह इथे हमखास होतो. मार्जिन कमी पडलं ना, मग फेज वाढवा. मी सुद्धा सुरुवातीला हेच करायचो. अडचण अशी की लीड फेजबरोबर वरच्या वारंवारतांचा गेनही वाढवतो, त्यामुळे क्रॉसओव्हर उजवीकडे सरकतो, आणि तिथे उशीर आणखी अंश खातो. लॅगमुळे आलेली कमतरता लीड छान भरून काढतो; उशिरामुळे आलेली कमतरता भरताना तो एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. लावायचाच असेल तर उशीर धरून आलेख पुन्हा काढा आणि नव्या क्रॉसओव्हरवर मार्जिन बघा, जुन्यावर नाही.

तफावत गेनमध्ये निघाली तर

कधी असं होतं की ज्या वारंवारतेला लूप डोलतो तिथे आलेखावर फेज उणे १८० च्या आसपासच आहे, पण गेन मात्र ० डेसिबलच्या बराच खाली दिसतो. मग उशीर शोधू नका. कुठलं तरी एकक चुकलेलं असतं, आणि तफावतीचा आकडाच बहुधा ते सांगून टाकतो. १६ डेसिबल निघाले तर फेरे आणि रेडियन यांचा घोळ आहे, कारण ६.२८ पट म्हणजे १६ डेसिबल. ३५.६ डेसिबल म्हणजे ६० पट: मिनिट आणि सेकंद. १९.६ डेसिबल म्हणजे ९.५५ पट: फेरे प्रति मिनिट आणि रेडियन प्रति सेकंद. आलेखावरची प्रत्येक उंची बरोबर निम्मी वाटत असेल तर कुणीतरी २० लॉगऐवजी १० लॉग वापरलेला आहे. तो शक्तीसाठी असतो, सिग्नलच्या पटीसाठी नाही.

एककं बरोबर असूनही तफावत राहिली तर रेझोनन्सकडे (यंत्राच्या एखाद्या भागाच्या स्वतःच्या कंपाकडे) बघा. खूण म्हणजे डोलण्याची वारंवारता क्रॉसओव्हरपेक्षा कितीतरी जास्त असते. थरथर दिसण्याआधी ऐकू येते. लवचीक शाफ्ट, लांब बेल्ट, पातळ ब्रॅकेट, असं काहीही. सरळ रेषांनी काढलेला बोडे आलेख इथे फसवतो. साध्या लॅगच्या कोपऱ्यावर सरळ रेषेची चूक जेमतेम ३ डेसिबल असते, ती चालून जाते. पण डॅम्पिंग (कंप किती लवकर विरतो ते सांगणारा आकडा) ०.०५ असलेल्या पोलच्या जोडीचा (पोल म्हणजे सिस्टिमचा स्वतःचा प्रतिसाद ठरवणारे बिंदू) कळस सरळ रेषेपेक्षा २० डेसिबल उंच असतो. रेषा म्हणते गेन उणे १५, प्रत्यक्षात तो अधिक ५, आणि वक्राने ० डेसिबलची रेषा पुन्हा ओलांडलेली असते. मार्जिन पहिल्या क्रॉसओव्हरवर मोजलेलं, दोलन मात्र नंतरच्या.

उपाय म्हणून नॉच फिल्टर (वारंवारतांचा एक अरुंद पट्टा दाबणारा) सुचवला जातो. रेझोनन्स जागेवर स्थिर राहणार असेल तर उत्तमच. पण भार बदलला की तो सरकत असेल तर अरुंद नॉच चुकीच्या जागी बसतो आणि त्याच्या कडेला फेज झपाट्याने बदलत असल्याने गोष्टी बिघडूही शकतात. माझा कल कळस सरळ खाली दाबण्याकडे असतो: गेन उतरवून किंवा लो-पास (वरच्या वारंवारता दाबणारा फिल्टर) लावून तो ० डेसिबलच्या निदान ६ डेसिबल खाली ठेवायचा. लो-पासही क्रॉसओव्हरवर थोडा फेज खातो. तो हिशेबात धरायचा.

गेन कमी केल्यावर दोलन वाढतं

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना खोटा वाटतो. टाकीतल्या पातळीचा लूप, कंट्रोलर पीआय (साधा गेन आणि इंटिग्रल असे दोन भाग असलेला). पातळी संथपणे वरखाली होते, एका कंपाला कित्येक मिनिटं लागतात. गेन जास्त झाला असं समजून तो अर्धा केला जातो, आणि झोके मोठे होतात. पुन्हा अर्धा, आणखी मोठे. अशा एका लूपवर मी दोन दिवस गेन उतरवत होतो, आणि तेव्हापासून संथ दोलन दिसलं की आधी आलेख काढतो.

टाकी स्वतः इंटिग्रेटर आहे: उणे ९० अंश. कंट्रोलरमधला इंटिग्रल आणखी ९० अंश खाली ओढतो. त्यामुळे फेजचा वक्र डावीकडे उणे १८० पासून सुरू होतो आणि उजवीकडे जाता जाता उणे ९० कडे वर चढतो. गेन कमी केला की क्रॉसओव्हर डावीकडे, म्हणजे थेट उणे १८० च्या दिशेने जातो. या लूपचं फेज मार्जिन क्रॉसओव्हर आणि इंटिग्रल टाइम (इंटिग्रल भाग किती संथ चालतो ते ठरवणारा वेळ) यांच्या गुणाकारावर ठरतं: गुणाकार १ असेल तर ४५ अंश, ३ असेल तर ७१ अंशांच्या पुढे. डॅम्पिंगचा हिशेब याहून सोपा आहे. कंट्रोलरचा गेन, टाकीचा गेन आणि इंटिग्रल टाइम यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, निम्मं करा. गुणाकार ४ असेल तर डॅम्पिंग १, गुणाकार १ असेल तर ०.५, पाव असेल तर ०.२५. म्हणजे गेन चौपट कमी केला की डॅम्पिंग निम्मं होतं. इथे इंटिग्रल टाइम वाढवायचा असतो, किंवा गेनच वाढवायचा असतो.

मूळचीच अस्थिर असलेली सिस्टिम, जसं उलटा लंबक किंवा चुंबकाने अधांतरी धरलेला गोळा, हिचंही असंच आहे: गेनला वरची मर्यादा असते तशी खालचीही. तिथे बोडे आलेखावरच्या मार्जिनवर विसंबू नका. नायक्विस्ट वक्र काढा आणि उणे १ भोवतीचे वेढे मोजा. ओपन लूपमध्ये (लूप तोडून पाहिलेल्या सिस्टिममध्ये) उजव्या अर्ध्या प्रतलात जितके (म्हणजे अस्थिर) पोल, तितके घड्याळाच्या उलट वेढे हवेत. वेढा नसणं हे तिथे अस्थिरतेचं लक्षण आहे.

आलेख वाचण्यातल्या छोट्या चुका

फेज उणे १८० च्या खाली गेला की काही सॉफ्टवेअर वक्र गुंडाळून वर आणतं आणि उणे १९० ऐवजी अधिक १७० दाखवतं. वक्रात एकदम ३६० अंशांची उडी दिसली तर ती आधी उलगडा, मगच मार्जिन वाचा.

मार्जिन ओपन लूपच्या आलेखावर वाचायचं असतं. लूप बंद ठेवून सेटपॉइंटपासून आउटपुटपर्यंत मोजलेला आलेख हा क्लोज्ड लूपचा. त्यावर उणे १८० शोधण्यात अर्थ नाही.

रूट लोकसवर (गेन बदलत जाताना बंद लूपचे पोल कुठे सरकतात त्याच्या आलेखावर) डॅम्पिंग कोनावरून वाचतात: ४५ अंशांची रेषा म्हणजे ०.७०७. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नसेल तर कागदावरचा तो कोन खोटा असतो, आणि सॉफ्टवेअर जागा भरण्यासाठी अक्ष सर्रास ताणतं. वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत पोल कुठे जातील हे झटकन दाखवते, पण उशीर तिच्यात थेट मावत नाही. पादे अंदाज (उशिराच्या जागी घेतलेलं जवळपासचं गुणोत्तर) वापरून उजवीकडचा एक झिरो (आउटपुट शून्य करणारा बिंदू) घालावा लागतो. तो न घालता काढलेला लोकस डिजिटल कंट्रोलरसाठी मी कधीच ग्राह्य धरत नाही.

आणि एक: गेन मार्जिन चांगलं, फेज मार्जिन चांगलं, तरीही प्रतिसाद डळमळीत, असं दिसलं तर नायक्विस्ट वक्राचं उणे १ पासूनचं सर्वांत कमी अंतर मोजा. दोन्ही मार्जिन वक्राचे फक्त दोन बिंदू तपासतात. मधला भाग उणे १ च्या अगदी जवळून जाऊ शकतो. हे अंतर ०.५ किंवा जास्त ठेवलं की ६ डेसिबल गेन मार्जिन आणि सुमारे २९ अंश फेज मार्जिन आपोआप मिळतं. उलट मात्र खरं नाही.

आलेखाच्या कक्षेबाहेरचं दोलन

गेन बदलला तरी दोलन थांबत नाही, फक्त त्याचा काळ बदलतो; कंट्रोलरचं आउटपुट करवतीच्या दातांसारखं आणि माप पायऱ्यांसारखं दिसतं; लूप मॅन्युअलला टाकताच सगळं शांत. हा व्हॉल्व्ह चिकटतो आहे. हा दोष रेषीय नाही आणि कोणताही बोडे आलेख तो दाखवणार नाही. ग्लँड पॅकिंग, पोझिशनर, लिंकेजमधली ढिलाई तपासा. ट्यूनिंगने यावर पांघरूण घालू नका. मॅन्युअलला टाकल्यावरही दोलन चालूच राहिलं तर ते तुमच्या लूपचं नाहीच. शेजारच्या लूपमधून येतं आहे.

दुरुस्तीनंतर आलेख खरा झाला का

दोलन थांबलं म्हणून काम संपवू नका. कंट्रोलरच्या आउटपुटवर मुद्दाम एकेक सॅम्पलचा जादा उशीर घालत जा. वर दुरुस्त केलेल्या लूपमध्ये मार्जिन ४९ अंश आणि क्रॉसओव्हर १२ रेडियन प्रति सेकंद आहे. ४९ अंश म्हणजे ०.८५५ रेडियन, भागिले १२, म्हणजे आणखी ७१ मिलिसेकंद उशीर सहन व्हायला हवा. सॅम्पल २० मिलिसेकंदांचा असेल तर तीन सॅम्पल घातल्यावर लूप खूप वेळ झुलेल पण शेवटी शांत होईल, चौथ्याला मात्र झोके वाढत जातील. चाचणी करताना आउटपुटची मर्यादा आवळून ठेवा आणि बंद करण्याचं बटण हाताशी असू द्या. लूप तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्येच सुटला तर आलेखावर विश्वास ठेवून पुढचा बदल करायला हरकत नाही. दुसऱ्यालाच सुटला तर अजून सुमारे ३० ते ५० मिलिसेकंद कुठेतरी दडलेले आहेत. सेन्सरच्या आतला फिल्टर आणि डेटा नेणारी नेटवर्क लाइन, या दोन जागा आधी बघा.